मराठी टेबलटॉप खेळ खुल्या परवान्यावर काढताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

कथानक लिहून झालं, चार टेबलांवर खेळून झालं, चित्रं आली, फाइल छापखान्यात गेली. आणि मग कुणीतरी विचारतं, "अरे, ते लायसन्सचं पान टाकायचं होतं ना?" नागपुरातल्या बहुतेक गटांची गाडी इथेच अडते. परवाना, म्हणजे आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचं हे सांगणारा मजकूर, शेवटच्या पानावर छापला जातो, म्हणून तो शेवटीच ठरवायचा असा समज आहे. प्रत्यक्षात कोणत्या राक्षसाचं नाव घेता येईल, चित्रकाराशी कोणत्या अटीवर बोलायचं, पुस्तिका विकता येईल का, हे सगळं त्या एका निर्णयावर अवलंबून असतं.

पुढचे टप्पे ए-५ आकाराची ३२ पानी पुस्तिका आणि ५४ पत्ते एवढ्या कामाच्या हिशेबाने दिले आहेत. उदाहरण एकच घेतलंय: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी आणि महालातून निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीवरचं एका बैठकीत संपणारं साहस. मिरवणुकीतले बडगे, म्हणजे मोठे पुतळे, रात्री जिवंत होतात, एवढं कथानक पुरे.

टप्पा १: कोणाच्या नियमांवर उभं राहायचं ते ठरवा

खेळाची पद्धत ही कल्पना आहे, तिच्यावर कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत लिहिली, त्या शब्दांवर असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि मांडणी यांतला हा फरक स्पष्ट केला. म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आकडा मिळवायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणायला मात्र लागते, कारण भाषांतर हाही मूळ लेखकाचा हक्क आहे. "मी शब्द कॉपी केले नाहीत, मराठीत लिहिलं" हा बचाव चालत नाही.

नव्या गटाने एसआरडी ५.१ घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं साकारत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा हा नियमसंच त्याच्या प्रकाशकाने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बीवाय ४.० परवान्यावर खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही. भाषांतर करा, बदला, विका. अट श्रेय देण्याची. २०२४ च्या नव्या नियमांवर खेळत असाल तर २०२५ मध्ये आलेली ५.२ घ्या, तीही सीसी बीवाय ४.० वरच आहे. दोन्हींची सरमिसळ टाळा.

फेट कोअर आणि ब्लेड्स इन द डार्क या दुसऱ्या खेळांचे नियमसंच सीसी बीवाय ३.० वर मिळतात. केर्न या खेळाचा मजकूर सीसी बीवाय-एसए ४.० वर आहे. त्यातलं 'एसए' म्हणजे तुमची रूपांतरित आवृत्तीही त्याच परवान्यावर सोडावी लागेल. पाथफाइंडर हा खेळ धरणाऱ्यांसाठी २०२३ चा ओआरसी परवाना आहे; त्यात तुम्ही भर घातलेले नियमही आपोआप खुले होतात, ते राखून ठेवता येत नाहीत. विझार्ड्सचा जुना ओजीएल १.०अ परवाना अजून वापरात आहे, पण २०२३ च्या सुरुवातीला तो रद्दबातल ठरवण्याचा प्रयत्न झाला होता. नवं काम त्यावर सुरू करायचं काही कारण उरलेलं नाही.

> सावध: परवान्याच्या नावात 'एनसी' असेल तर विकायचं नाही. 'एनडी' असेल तर भाषांतर प्रसिद्धच करायचं नाही, फुकटही नाही. ही दोन अक्षरं पहिल्या दिवशी तपासा.

> सावध: एसए आणि ओआरसी मजकूर एकाच परिच्छेदात मिसळू नका. दोन्ही परवाने "माझ्याच अटींवर पुढे जा" म्हणतात, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

टप्पा २: मूळ फाइल उतरवून घ्या आणि नोंदवही उघडा

अधिकृत पीडीएफ उतरवा आणि फाइलच्या नावातच आवृत्ती व तारीख घाला. ग्रुपवर फिरत आलेली, कुणीतरी "सुधारलेली" प्रत घेऊ नका.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. एसआरडी म्हणजे दुकानात मिळणारं पूर्ण पुस्तक नव्हे. ५.१ मध्ये बारा क्लास (पात्रांचे पेशे) आहेत, पण प्रत्येकाचा उपप्रकार एकच. बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) एकच, फीटही (खास कौशल्य) एकच. बीहोल्डर किंवा माइंड फ्लेयर या राक्षसांचे आकडे त्यात नाहीत. मंत्रांची नावंही बदललेली आहेत: खेळाडूंच्या पुस्तकात जो 'बिग्बीज हँड' आहे, तो एसआरडीत नुसता 'आर्केन हँड' आहे, 'मेल्फ्स अॅसिड अॅरो'चा 'अॅसिड अॅरो' झालाय. लिहिणारा वर्षानुवर्षं पुस्तकातून खेळलेला असतो, त्याच्या हातून 'बिग्बीचा पंजा' सहज लिहिला जातो. तो मंत्र खुला, पण 'बिग्बी' हे नाव खुलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. खेळ चालवणाऱ्याला एसआरडी 'डीएम' म्हणत नाही, 'जीएम' म्हणते. टेबलावर काय म्हणायचं ते म्हणा, छापताना 'सूत्रधार' लिहा. नाटकवाल्या भाषेत शब्द तयारच आहे.

नोंदवही म्हणजे साधी स्प्रेडशीट, सहा रकाने: आपलं पान, घटक, कुठून घेतला, काय बदललं, परवाना, कुणी लिहिलं. एक ओळ अशी दिसेल:

पान १४ | बडग्या | एसआरडी ५.१, ऑगर | एसी ११ व हिट पॉइंट ५९ तसेच, गदेऐवजी बांबू, वर्णन पूर्ण आपलं | सीसी बीवाय ४.० | लेखकाचं नाव

(ऑगर हा एसआरडीतला राक्षस. एसी म्हणजे त्याच्यावर वार लागणं किती अवघड, हिट पॉइंट म्हणजे तो किती मार सोसतो.) लिहिताना लगेच ओळ भरा. महिन्याने भरायला बसलात तर कोणता आकडा कुठला, हे कुणालाच आठवत नाही, आणि मग अख्खी पुस्तिका एसआरडीशी ओळीओळीने ताडून पाहावी लागते.

लोककथा, सण, दंतकथा यांवर कुणाची मालकी नाही. मारबत घ्या, झिरो माइल घ्या, फुटाळ्याचा तलाव घ्या. पण वर्तमानपत्रातला मिरवणुकीचा फोटो छायाचित्रकाराचा किंवा वृत्तपत्राचा असतो. एखाद्या लेखकाची कथा घ्यायची तर मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं मोजा. सावनेरला १९१९ मध्ये वारलेल्या राम गणेश गडकऱ्यांचं लेखन त्यामुळे खुलं आहे. त्यांच्या लेखनाला कुणी अलीकडे लिहिलेली प्रस्तावना मात्र खुली नाही. मिरवणूक काढणाऱ्या खऱ्या मंडळांची नावं कथानकात घालू नका. कायदा बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी त्याच गल्लीतून जायचंय.

> तपासणी: नोंदवहीत "कुठून घेतला" या रकान्यात 'आठवणीतून' असं लिहिलेली एकही ओळ असेल तर पुढे जाऊ नका. मूळ फाइलमध्ये शोधा; सापडलं नाही तर नव्याने लिहा.

टप्पा ३: माणसांचे कागद

हा टप्पा लोक सर्वांत जास्त टाळतात, कारण मित्राकडून सही घ्यायला संकोच वाटतो. पण गट फुटतात, माणसं नोकरीला पुण्याला-हैदराबादला जातात, आणि चार जणांनी मिळून लिहिलेल्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती एकाच्या होकाराअभावी पडून राहते. कुणाचा वाटा वेगळा काढता येत नाही असं संयुक्त लेखन असेल तर हक्कही सगळ्यांचा असतो.

लेखकांसाठी एक पान पुरतं: "मी या पुस्तिकेसाठी दिलेला मजकूर माझा स्वतःचा आहे आणि तो सीसी बीवाय ४.० परवान्यावर देत आहे." नाव श्रेयात कसं हवं, तारीख, सही. म्हणजे मजकूर ज्या परवान्यावर आत आला, त्याच परवान्यावर बाहेर जातो आणि वादाला जागा राहत नाही. मालकी प्रत्येकाची त्याच्याकडेच राहते.

चित्रकारांचं वेगळं आहे. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, असं समजू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ मध्ये तीन खाचखळगे आहेत, आणि कलम ३०अ मुळे ते परवान्यालाही लागू होतात. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. तुमची पीडीएफ मात्र पहिल्याच दिवशी परदेशातलं कुणीतरी उतरवणार. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो संपतो. छपाई रखडणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट असल्याने ही तिसरी अट खरी धोक्याची. म्हणून मसुदा असा ठेवा:

"खाली यादी दिलेली __ चित्रं या पुस्तिकेत, तिच्या पुढच्या सर्व आवृत्त्यांत आणि पीडीएफमध्ये वापरण्याचा परवाना मी कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी देत आहे. एका वर्षात वापर झाला नाही तरी परवाना संपणार नाही. मोबदला ₹ __ . प्रत्येक प्रतीत माझं नाव छापावं."

चित्रांची यादी जोडा, दोघांच्या सह्या घ्या. "हो चालेल" असा व्हॉट्सअॅपचा निरोप आणि अंगठ्याची खूण यावर भागवू नका. रक्कम मोठी असेल तर मसुदा वकिलाला दाखवा. चित्रं खुल्या परवान्यात घालायचा हट्टही धरू नका. नियम खुले आणि चित्रं राखीव, ही विभागणी चित्रकारालाही परवडते.

टप्पा ४: आधी शब्दसूची, मग लेखन

तीन जण लिहायला बसले की संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला एक 'बचाव', दुसरा 'सेव्ह', तिसरा 'प्रतिकार फेक' लिहितो. खेळणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून चाळीसेक शब्दांची यादी आधी पक्की करा आणि तिला कुलूप लावा.

निकष एकच: टेबलावर तोंडात काय येतं? "एसी किती?", "सेव्ह मार" असंच लोक बोलतात, तेव्हा ते तसंच ठेवा. 'अॅडव्हान्टेज'ला (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा नियम) 'फायदा' केलंत तर "इथे फायदा मिळतो" हे वाक्य नियम आहे की गप्पा, ते कळत नाही. उलट शॉर्ट रेस्टचा 'छोटा विसावा' आणि लाँग रेस्टचा 'मोठा विसावा' छान बसतो, कारण मराठीत दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. अंतर फुटातच राहू द्या. मीटरमध्ये बदलायला गेलात की पाच फुटांच्या चौकटीचा सगळा हिशेब बिघडतो.

वीस बाजूंचा फासा घरी नसणारेच वाचक जास्त असतील. पुस्तिकेत एक ओळ टाका: हौजीच्या संचातल्या १ ते २० सोंगट्या पिशवीत घाला, एक काढा, वाचा, परत टाका. परत टाकायचं विसरलं की शक्यता बदलते, एवढं ठळक छापा.

टप्पा ५: खुलं काय, राखीव काय

आता परवान्याचं पान. ते चार भागांत लिहा, आणि कथानक पूर्ण व्हायच्या आधीच लिहा.

१. वरून आलेलं श्रेय. एसआरडीच्या पहिल्या पानावर दिलेलं इंग्रजी श्रेयवाक्य जसंच्या तसं, त्यातल्या वेब-पत्त्यांसकट उतरवा. ५.१ चं वाक्य ५.२ च्या कामाला लावू नका. त्याखाली मराठीत: "मूळ मजकुराचं भाषांतर केलं असून त्यात बदल केले आहेत." बदल केल्याचं सांगणं ही परवान्याची अट आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात. विझार्ड्सचे आभार, लोगो, "त्यांच्या सौजन्याने" असलं काही घालू नका. दिलेल्या श्रेयवाक्याखेरीज त्यांचा दुसरा उल्लेख करू नये, असं एसआरडीतच म्हटलं आहे.

२. तुमचं खुलं काय. "पाने ६ ते २२ वरील नियम, आकडे आणि तक्ते सीसी बीवाय ४.० परवान्यावर." पानांचे आकडे घाला. नुसतं "नियम खुले" म्हटलं तर बडग्याचं वर्णन त्यात येतं की नाही, यावर पुढचा गट अडून बसतो.

३. राखीव काय. शीर्षक, बोधचिन्ह, चित्रं, हवी असल्यास पात्रांची नावं. उदार असणं ठीक, पण नीट विचार करून. सीसी बीवायवर एकदा सोडलेलं परत ओढता येत नाही.

४. तुम्हाला श्रेय कसं द्यावं. एक तयार वाक्य द्या, चौकटीत. लोक नक्कल करतात, विचार करत बसत नाहीत.

मुखपृष्ठावर "पाचव्या आवृत्तीशी सुसंगत" चालतं. "डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी" चालत नाही, देवनागरीत लिहिलं तरीही. सीसी परवाना ट्रेडमार्कचा हक्क देत नाही, आणि लिपी बदलल्याने ट्रेडमार्क सुटत नाही.

ओजीएलवरच काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: परवान्याचा पूर्ण मजकूर प्रत्येक प्रतीत लागतो, आणि त्याच्या कलम १५ मध्ये वरच्या प्रत्येक स्रोताची ओळ उतरवून शेवटी आपली जोडावी लागते. लोक फक्त आपली जोडतात.

> तपासणी: हे पान गटाबाहेरच्या माणसाला द्या आणि विचारा, "तू बडग्या उचलून तुझ्या खेळात घातलास तर काय छापशील?" दोन मिनिटांत नेमकं उत्तर आलं नाही तर पान पुन्हा लिहा.

टप्पा ६: चाचणी

तीन टेबलं, प्रत्येकी चार-पाच खेळाडू, आणि त्यातलं किमान एक टेबल लेखकाविना. लेखक समोर बसला की पुस्तिकेतली भोकं तो तोंडाने बुजवतो. कोपऱ्यात बसायचा मोह झाला तरी त्याला तर्रीपोहे आणायला पाठवा. खेळाडूने सुचवलेली ओळ जशीच्या तशी घेतली तर त्याचंही टप्पा ३ मधलं पान भरून घ्या.

टप्पा ७: मांडणी आणि छपाई

फॉन्टलाही परवाना असतो. मुक्त, बालू २, तिरो देवनागरी मराठी हे एसआयएल ओपन फॉन्ट परवान्यावर आहेत, छापील आणि पीडीएफ दोन्हींत बिनधास्त वापरा. तिरो मराठीत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, ते डोळ्याला बरं वाटतं. डीटीपीवाल्याने मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात बदलून घेतला तर 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' आणि जोडाक्षरं पुन्हा तपासा. तिथेच फुटतात.

३२ पानं म्हणजे ए-४ चे आठ कागद, दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडलेले, सेंटर पिन. पानसंख्या चारच्या पटीतच हवी. ३३ वं पान झालं तर ३६ करावी लागतील, आणि परवान्याचं पान "बसत नाही" म्हणून उडतं ते अशा वेळीच. त्याची जागा पहिल्यापासून राखा. आतला कागद ८० ते १०० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड.

पत्ते ६३ गुणिले ८८ मिलिमीटर, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई). १२ गुणिले १८ इंची डिजिटल शीटवर असे अठरा बसतात, म्हणजे ५४ पत्ते तीन शीटमध्ये. ५६ केलेत की चौथं शीट लागलं. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करा. एका बाजूचं केलेले पत्ते पावसाळ्यात वाकतात आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात उलटीकडे वाकतात.

आधी पाच प्रती छापा, मग पन्नास. आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. पुस्तक म्हणून प्रसिद्ध करत असाल तर १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार सार्वजनिक ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रत पाठवायची असते. पुस्तक आणि खेळाचा डबा यांचा जीएसटी एकच धरू नका, सीएला विचारा.

टप्पा ८: नक्कल करता येईल अशी फाइल द्या

परवाना खुला, पण मजकूर उचलता येत नाही, अशी कितीतरी कामं पडून आहेत. पीडीएफमधून मराठी परिच्छेद कॉपी करून फोनवर चिकटवून बघा. 'किल्ला' लिहिलेला 'िकल्ला' होऊन येतो, जुन्या फॉन्टात असेल तर सरळ इंग्रजी अक्षरांचा खिचडा. असं असलं की पुढच्या गटाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, म्हणजे ते करत नाहीत. एका शहरातल्या पुस्तिकेवर दुसऱ्या शहरातलं साहस उभं राहत नाही, आणि मराठीत दर वेळी शून्यापासून सुरुवात होते.

म्हणून खुल्या भागाची वेगळी युनिकोड मजकूर फाइल द्या: चित्रांविना, तक्ते साधे, वर परवान्याचं पान, सोबत शब्दसूची. राखीव भाग या फाइलमधून पूर्ण काढा. पीडीएफला किंवा या फाइलला कॉपी रोखणारं कुलूप लावू नका. परवान्याने दिलेल्या हक्काआड येणारं तांत्रिक कुलूप सीसी बीवायला चालत नाही, आणि एसआरडीचा भाग तर तुमचा नाहीच.

चूक नंतर सापडली तर

श्रेयवाक्य राहिलं, किंवा एखादा बिग्बी छापून गेला, असं प्रसिद्धीनंतर लक्षात आलं तर तारीख लिहून ठेवा. सीसी ४.० मध्ये श्रेयाची चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो. ओजीएलमध्येही मुदत तीस दिवसांचीच. सीसी ३.० मध्ये अशी आपोआप माफी नाही; फेट किंवा ब्लेड्सवर काम केलं असेल तर मूळ हक्कदाराला पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते.

पीडीएफ त्याच दिवशी बदला आणि आवृत्तीचा आकडा वाढवा. श्रेय राहिलं असेल तर शिल्लक छापील प्रतींसाठी ए-४ च्या स्टिकर शीटवर सुधारित श्रेयवाक्य छापा, कापा आणि दुसऱ्या पानावर तळाशी लावा. राखीव नाव छापलं गेलं असेल तर स्टिकर त्या नावावरच लावावा लागतो, प्रत्येक प्रतीत, म्हणून उजेडात धरून खालचं अक्षर दिसत नाही ना ते बघून जाड कागदाचा घ्या.